तात्यांचं वाकडं बोट

डाळज गावच्या तात्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातावर चापट मारली होती. कडबनवाडीच्या माळावर समोर चिंकारा उभा होता आणि मी हरखून त्याच्याकडे बोट दाखवलं होतं.

"म्याडम, बोट वाकवा आधी! कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दावलं तर भोपळा कुजतो. ह्यो तर जित्ता जीव हाय."

मी बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भोपळा कशाने कुजतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी मुकाट्याने बोट वाकवलं, कारण चापट शेतकऱ्याच्या हाताची होती आणि चांगलीच लागली होती.

उसाचं रान मुलाच्या हवाली करून तात्या पाहुण्यांना जीपमधून फिरवायचे. पहाटे माळावर चिंकारा आणि कोल्हे, उन्हं वर आली की भिगवणच्या पाण्यावर फ्लेमिंगो, तिथेच मासळीचं जेवण आणि दुपारी दौंडला इंग्रजांच्या वेळच्या रेल्वेवस्तीत फेरी, असा एका दिवसाचा बेत. जनावरं बुजू नयेत म्हणून माळावर ते हॉर्नची वायर काढून ठेवत आणि हायवेला लागल्यावर ती जोडायची विसरत. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून स्वतःच ओरडत, "ए भाऊ, सरक की!" लोक हॉर्नपेक्षा लवकर सरकत.

जनावरांच्या बाबतीत तात्या खोटं बोलत नसत. एकदा पुण्याच्या एका पाहुण्याने भली मोठी दुर्बीण रोखून विचारलं, "तात्या, लांडगा ना तो?" तात्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "कुत्रं हाय. आमच्या डाळजचंच हाय. वळखतो मी त्याला." पाहुण्याने दुर्बीण पिशवीत घातली ती दिवसभर बाहेर काढली नाही.

दौंड आलं की मात्र हाच माणूस बेलगाम सुटायचा. या बंगल्यातला साहेब बायकोला भिऊन सिग्नलच्या खांबावर चढून बसायचा, त्या बंगल्यातली मडम म्हशीवर बसून चर्चला जायची. शेवटी जुन्या दफनभूमीत एक फुटका दगड होता, नाव झिजून गेलेला. तिथली गोष्ट ठरलेली. "ह्यो इंजिनडायवर. रुळावर हरण आलं म्हनून यानं मेल थांबवली. वरच्या साहेबानं झापला, त्यानं हाय खाल्ली अन् गेला बिचारा." इथे बोट खुशाल सरळ. मी टोकलं तर म्हणाले, "ह्यांचं काय कुजायचं राहिलंय आता?" आणि या थापा कशाला, असं विचारलं तर? "जनावराबद्दल खोटं बोललं तर ते उद्या पुन्हा समोर येतं. साहेब कुठं येतोय इचारायला?"

पण एकदा साहेबाची नात आली.

डोरीनबाई माझ्या पुण्याच्या माहेरच्या शेजारीण. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, मराठी खणखणीत. त्यांचे आजोबा दौंडला इंजिन ड्रायव्हर होते आणि तिथेच पुरले होते. त्या थडग्यावर एकदा फूल ठेवायचं एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. मी तात्यांना नुसतं "पाहुण्या आहेत" म्हणून सांगितलं. ही चूक माझी.

चिंकारा दिसला, फ्लेमिंगो दिसले, बाई लहान मुलीसारख्या खुलल्या. दफनभूमीत तात्यांनी नेहमीच्या झोकात मेल थांबवली. डोरीनबाई ऐकता ऐकता खाली वाकल्या आणि त्यांनी दगडावर हात ठेवला. "माझे आजोबा इंजिन ड्रायव्हरच होते," त्या म्हणाल्या. "हेच का हो ते?"

तात्यांचा चेहरा उतरला. मी बाईंच्या मागून त्यांना मान हलवून खुणावलं, 'हो म्हणा!' मी त्यांच्या जागी असते तर नक्की म्हटलं असतं. तात्यांनी टोपी काढली.

"न्हाय बाई. दगड कुनाचा, मला ठावं न्हाय. गोष्ट मी रचलेली हाय. सगळ्यास्नी सांगतो."

बाईंनी हातातलं चाफ्याचं फूल परत पर्समध्ये ठेवलं. त्यांना राग आला होता आणि तो रास्तच होता. स्टेशनपर्यंत त्या पुढची सीट सोडून मागे माझ्या शेजारी बसल्या. उतरताना तात्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "आजोबांचं नाव तेवढं लिवून द्याल का?" बाईंनी कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं आणि त्यांच्याकडे न बघता दिलं.

इंग्रजीशी तात्यांचा संबंध गाड्यांच्या नंबरापुरताच होता. पण दर रविवारी ते ऊस तोडायचा कोयता घेऊन दौंडला जाऊ लागले. वेड्या बाभळी तोडायच्या, एकेका थडग्याच्या दगडावरची माती ओल्या फडक्याने पुसायची, कागद शेजारी धरायचा आणि एकेक अक्षर चित्रासारखं ताडून बघायचं. मी म्हटलं, मी येते वाचायला. "नगं. खोटं मी बोललो, हुडकायचं बी मीच." अडीच महिन्यांनी सकाळी फोन आला. तात्या धापा टाकत होते. "म्याडम, सगळी अक्षरं जुळली! शेवटचं जरा फुटलंय, पर त्येच हाय. बाईंचं गुडघं बरं हायत का?"

तात्या गेले त्याला आता दुसरं वर्ष लागलं. हायवेला लागले की मला त्यांचं ओरडणं आठवतं आणि हसू येता येता डोळे भरतात. पण सगळ्यात जास्त आठवतो तो डोरीनबाई दुसऱ्यांदा आल्या तो दिवस. तात्यांनी जीप फाटकाला टेकवली, बाईंना हाताला धरून आत नेलं आणि साफ केलेल्या वाटेच्या टोकाशी थांबले. त्या दिवशी त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही.

"त्ये बघा बाई," एवढंच म्हणाले आणि हात पुढे केला. बोट वाकवलेलं होतं.