एंटर दाबण्याआधी

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी सर्व्हर सांभाळतो, तिथं उदगीरच्या एक मॅडम माझ्या शेजारी बसतात. माझा प्रोग्राम वेब एपीआयला, म्हणजे सर्व्हरपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या मधल्या दुव्याला, निरोप देतो आणि सगळे सर्व्हर एका दमात अपडेट होतात. मॅडमचा भरवसा काळ्या स्क्रीनवर हातानं टाइप केलेल्या कमांडवर. कमांड लिहून झाली की त्या दोन्ही हात मांडीवर ठेवतात, ओळ पुटपुटत वाचतात आणि मगच एंटर दाबतात.

गेल्या सोमवारी ऐन ओपीडीच्या वेळी रिपोर्टचा सर्व्हर अडकला, आणि नेमकं एपीआयही बंद पडलं. माझ्या प्रोग्रामला उत्तरच येईना. मॅडमनी काळी स्क्रीन उघडून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायची कमांड लिहिली. मोठे डॉक्टर मागं येऊन उभे राहिले.

"मॅडम, लवकर करा. पेशंट खोळंबलेत."

"वाचून तर होऊ द्या, सर."

वाचता वाचता त्या थांबल्या. रिपोर्टच्या जागी त्यांच्या हातून आयसीयूच्या सर्व्हरचं नाव पडलं होतं. ते खोडून त्यांनी बरोबर नाव लिहिलं, पुन्हा वाचलं आणि एंटर दाबलं. थोड्याच वेळात रिपोर्ट दिसू लागले.

"आता सगळं मॅडमच्याच पद्धतीनं करत जा," डॉक्टर मला म्हणाले.

"न्हाई सर," मॅडम म्हणाल्या. "अडचणीला माझी कमांड हाय. रोजचं यांच्या प्रोग्रामनंच होऊ द्या. हातानं करताना चूक होते. आत्ताच मी आयसीयूचा सर्व्हर बंद करून बसले असते."

डॉक्टरांना ती चूक दिसलीच नव्हती. त्या खोडताना मला दिसली होती, पण त्यांच्या जागी मी असतो, तर बोललो नसतो.