एका श्वासाची ओळ

खालच्या मजल्यावरच्या काकू नोव्हेंबरातल्या एका दुपारी वर आल्या, तेव्हा माझ्या टेबलावर नववीच्या रसायनशास्त्राची प्रकरणं पसरलेली होती. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही.

"हे टाइप करून दे गं," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. नाहीतर हा माणूस यंदा मनोरीला जायचा नाही."

मी मुलुंडला घरूनच टाइपसेटिंगचं काम करते. पाठ्यपुस्तकं, त्यातली गणितं, सूत्रं, समीकरणं. पंचवीस वर्षं हेच केलंय. काकूंना वाटलं, हिला हेही जमेल. त्यांचं चुकलं नव्हतं, पण मी वही उघडली आणि मला त्यातलं काहीच वाचता येईना.

काका सॅक्सोफोन वाजवतात. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, मूळ गाव मालवणकडचं. चाळीच्या बँडमध्ये काका पहिल्यांदा फुंकायला शिकले. पुढे हॉटेलांत जॅझ वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेले. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. दर जानेवारीत एका रविवारी ते आणि त्यांचे तीन जुने जोडीदार खाडीपलीकडे मनोरीला जमतात. चौघांतल्या पियानोवाल्याचं तिथे छोटं घर आहे. दुपारभर वाजवतात, जेवतात, शेवटच्या फेरीबोटीच्या आधी निघतात. मागच्या वर्षी काका एका गाण्याच्या मध्येच थांबले. सॅक्सोफोन खाली ठेवला आणि म्हणाले, रीड तुटली, म्हणजे फुंकायच्या तोंडाशी असते ती वेताची पातळ पात.

"रीड तुटली नव्हती," काकू म्हणाल्या. "मी घरी येऊन बघितली ना. त्याला दिसत नाही, पण सांगणार कोण? तेव्हापासून सॅक्सोफोनची पेटी उघडलेली नाही."

काकांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार मला माहीत होता. समोरचं मधोमध अंधूक, कडेचं बरं दिसतं. वहीतली बारीक पेन्सिल त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. जानेवारीला सहा आठवडे होते. मी रसायनशास्त्र बाजूला केलं आणि, प्रत्येक कामाआधी करते तशी, यादी करायला घेतली.

वहीत सूर फारसे नव्हतेच. उभ्या रेघांनी पाडलेले चौकोन, म्हणजे बार, आपल्या तालाच्या आवर्तनासारखे, आणि प्रत्येक बारमध्ये एखाद-दोन इंग्रजी अक्षरं, त्यांना चिकटलेल्या खुणा. कुठे त्रिकोण, कुठे शून्य, कुठे तिरकी रेघ मारलेलं शून्य, कुठे नुसती वजाबाकीची खूण. मी वही घेऊन खाली गेले.

"ते कॉर्ड गो," काका म्हणाले. "एका वेळी तीन-चार सूर मिळून एक कॉर्ड. पियानोवालो ते वाजवता, मी त्याच्यावरून चालतंय. सूर माका पाठ हत. वाट चुकतंय ती कॉर्डात."

"त्रिकोण म्हणजे?"

"मेजर सेवन. गोड. शून्य म्हणजे डिमिनिश, ता कडू. रेघ मारली की अर्धा कडू. वजाबाकी म्हणजे मायनर."

"आणि पियानोवाल्यालाही हेच कागद द्यायचे?"

"हेच दिलंस तर वाट लागली! माझो सी म्हणजे तुमची काळी दोन." आमच्या भजनी मंडळात मी हार्मोनियमवर बसते, हे त्यांना ठाऊक होतं. "त्याची पट्टी वेगळी करूक होयी."

हे लक्षात आलं. त्यांच्या वाद्यावरचा सी फुंकला की कानाला हार्मोनियमवरची काळी दोन ऐकू येते. म्हणजे प्रत्येक गाण्याचे दोन कागद. मी यादीत एक ओळ वाढवली.

संगीत छापायचं एक मोफत सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. त्यात कॉर्ड शब्दांनी लिहायची आणि कागदावर खुणा उमटतात. पट्टी बदलायला एक ओळ पुरते. पण खुणा उमटल्या त्या नाजूक, वर चढवलेल्या, अक्षराच्या निम्म्या आकाराच्या. धडधाकट डोळ्यांच्या माणसासाठी सुंदर, काकांसाठी मुंग्या. नेहमीची खूण नको असेल तर त्या सॉफ्टवेअरमध्ये अपवादांची वेगळी यादी लिहून द्यावी लागते. ते वाचून मला बरंच वाटलं. यादी मागणारं सॉफ्टवेअर मी पहिल्यांदाच पाहत होते.

आठवडाभर मी रोज सकाळी वेगवेगळ्या आकारांचे नमुने छापून खाली नेले. काका खुर्चीत बसायचे, मी कागद धरायची.

"हा?"

"सी, त्रिकोण."

"हा?"

"सी, शून्य. रेघ हा काय त्याच्यात?"

"आहे."

"मग माका ती दिसना नाय. चष्म्याच्या दुकानात गेल्यासारखा वाटता गो. आता गाय, बैल, घोडा दाखवतलंस काय?"

शेवटी ठरलं ते असं. अक्षर आणि खूण एकाच ओळीवर, वर चढवणं बंद. त्रिकोण आतून काळा. शून्यातली रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेली. वजाबाकीची खूण लांब आणि जाड. मायनरसाठी एम हे अक्षर वापरू का, असं मी विचारलं होतं, ते दिसायला सोपं. काका म्हणाले, साठ वर्षं वजाबाकी वाचली, आता एम बघितला तर हात थबकेल.

मग मी सहा गाणी टाइप केली. वहीत ओळी कशाही होत्या, एकीत पाच बार, दुसरीत तीन, तिसरीत सात. जुनी माणसं कागद पुरवून वापरतात, जागा असेल तसं लिहितात, असं मी धरून चालले. जॅझच्या छापील कागदांवर एका ओळीत चार बार असतात, हे मी शोधून काढलं होतं. सगळीकडे चार-चार केले. प्रत्येक गाणं नीट चौकटीत बसलं. छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि खाली घेऊन गेले.

काकांनी कागदावरून हात फिरवला. "काय झकास केलंस गो!" मग उठले आणि कपाटावरची पेटी स्वतः काढली. आतल्या खोलीत काकूंचा मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

पहिली ओळ वाजली. दुसऱ्या ओळीच्या मध्ये ते अडखळले. पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिसऱ्या ओळीत, परत मध्येच, सूर तुटला आणि खोकला आला. ते पुढचा बार शोधत राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी वाजवलंच नाही.

"दिसतंय ना?" मी विचारलं.

"दिसता. चकाचक दिसता. म्हणान तर कळला. डोळे नाय गो, माझो दमच गेलो."

दोन वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता. त्यांनी सॅक्सोफोनचे भाग सुटे केले, पुसले आणि पेटीत ठेवले. "त्यांका फोन कर," ते काकूंना म्हणाले. "यंदा येवचंय नाय म्हणान सांग."

काकू दारात उभ्या होत्या. त्या फोनकडे न जाता मिक्सरचं भांडं धुवायला आत वळल्या.

मी वर आले. यादीत एकच काम उरलं होतं, मूळ प्रतीशी ताडून पाहणं. छापण्याआधी करायचं ते काम मी घाईत मागे ठेवलं होतं. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला बोलले असते. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी मी वही उघडली आणि बोट ठेवून एकेक बार तपासायला लागले.

एकही कॉर्ड चुकली नव्हती. पण एक गाणं वहीत तीन वेळा होतं. पहिल्यांदा निळ्या शाईत, तरण्या अक्षरात, एका ओळीत आठ-आठ बार. पुढे बॉलपेनने, पाच-सहा. शेवटी पेन्सिलीने, अक्षर थरथरतं, तीन-चार. आणि त्या शेवटच्या पानावर उजवीकडे अर्धा कागद कोरा होता. कागद पुरवून वापरणारा माणूस अर्धं पान कोरं सोडत नाही.

मी चपला न घालताच खाली गेले.

"काका, ओळ कुठे तोडायची हे तुम्ही कसं ठरवता?"

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "ठरवूचा काय त्याच्यात? ओळ संपली की श्वास घेवचो."

"म्हणजे एक ओळ एक श्वास?"

"आमचो बँडमास्तर तसाच लिवी. अर्ध्या जणांका वाचूक येय नाय, पण ओळ संपली ती कोणाकय दिसता. सगळेच तसा लिवतत ना?"

"नाही हो काका. मी सगळ्या चार-चार केल्या."

"म्हणान मी शेवटपर्यंत फुंकत रवलंय." साठ वर्षांची सवय होती. डोळ्यांना ओळीचा शेवट दिसेपर्यंत छाती थांबून राहत होती, आणि शेवट काही येत नव्हता.

"पेटी काढा," मी म्हटलं.

"नको गो."

"अहो, काढा!" काकू आतून ओरडल्या. "ती अनवाणी आली आहे खाली!"

त्या दुपारी ते पाठ असलेल्या चालीच नुसत्या वाजवत गेले आणि मी वहीच्या पेन्सिलीच्या पानांची झेरॉक्स घेऊन खुणा करत गेले. श्वास घेतला की रेघ. तीन बार. अडीच. दोन. परत अडीच. शेवटची पेन्सिल दहा वर्षांपूर्वीची असावी. मधल्या काळात त्यांनी वही नव्याने लिहिलीच नव्हती. बारच्या मध्ये ओळ तोडायला सॉफ्टवेअर राजी होत नाही. तिथे न दिसणारी एक रेघ घालून त्याला फसवावं लागतं. मी सहा गाण्यांत अशा एकोणीस रेघा घातल्या. एका पानाचं गाणं तीन पानांचं झालं.

नवीन कागदावर ते गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलं तेव्हा काका हसले नाहीत. कागद उचलून कडेच्या नजरेने पाहत राहिले.

"फारच आखूड दिसता," ते म्हणाले. "पियानोवाल्याची प्रत चार-चारचीच ठेव. ह्या बघितल्यान तर म्हणतलो, म्हातारो खपलो."

"त्यांना कळलं तर ते थांबतील ना तुमच्यासाठी."

"माका कोणी थांबूक नको."

मी वाद घातला नाही. चार-चारच्या प्रती छापल्या. आखूड ओळींच्या, पियानोच्या पट्टीतल्याही छापल्या आणि मनोरीला न्यायच्या पिशवीच्या तळाशी, सँडविचच्या डब्याखाली ठेवल्या. ते मी कोणाला सांगितलं नाही. यादीतही लिहिलं नाही, कारण यादी काकूंच्या फ्रिजवर लावलेली होती.

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही तिघं मुलुंडहून गाडी करून मार्व्याच्या फेरीबोटीच्या धक्क्याला गेलो. बोटीत काकांनी पेटी मांडीवर घेतली होती, कोणालाही धरू दिली नाही. मनोरीच्या घरात पियानोवाले दारातच उभे होते, लुंगीवर, कमरेवर हात.

"आलास? मला वाटलं यंदापण रीड तुटणार."

"गप रे," काका म्हणाले.

पहिलं गाणं सुरू झालं. काकांचे कागद दोन स्टँडवर पसरलेले, शेजारी मी, पान बदलायला. ते श्वासाला थांबत होते तिथे पियानो पुढे निघून जात होता. मग त्याला गाठायला ते अर्धवट श्वासावरच सूर उचलत होते. दुसऱ्या पानापर्यंत मान लाल झाली. ड्रमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं आणि जागेवरच राहिले. हे सांगणं माझं काम नव्हतं.

काकांनी हात वर केला. सगळे थांबले. काकूंनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, आता रीड.

काकांनी स्वतःचा कागद स्टँडवरून काढला आणि पियानोवर नेऊन ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "आता माझी ओळ इतकीच."

पियानोवाल्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ पाहिलं. "अरे गाढवा," ते म्हणाले, "मागच्या वर्षी हे सांगायचं ना. मी वर्षभर तुझ्या त्या रीडला शिव्या घालतोय." मग माझ्याकडे वळले. "पण हे सॅक्सच्या पट्टीत आहे. मला असं चालणार नाही."

काकांनीही माझ्याकडे पाहिलं. "दुसरी हत काय गो?"

"आहेत," मी म्हटलं आणि सँडविचचा डबा बाजूला केला.

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. काकांची ओळ संपली, त्यांनी खांदे वर करून श्वास घेतला, आणि तेवढ्या जागेत पियानोने दोन-तीन सूर ठेवले, घाई न करता. पुढची ओळ. परत तसंच. दुसऱ्या पानानंतर काका कागदाकडे कमी आणि पियानोकडे जास्त पाहायला लागले. एका ठिकाणी दम लवकर संपला, अडीच बारांच्या ओळीत दोनच झाले. पियानोवाल्यांनी उरलेला अर्धा बार स्वतः वाजवला आणि भुवया उडवल्या. शेवटची ओळ दोन बारांची होती. ती पुरी झाली.

काका रुमालाने तोंड पुसत होते.

"काय हो," काकू म्हणाल्या, "रीड ठीक आहे ना यंदा?"

"गप गो," काका म्हणाले आणि मला पान बदलायची खूण केली.