उघड्या बुरुजाखाली मामा

माल्टातला तो बुरूज बंद नव्हता. बंद आहे, असं मी मामांना सांगितलं. मामा म्हणजे माझे सासरे. आता ते नाहीत, आणि त्यांच्याविषयी काहीही लिहायला बसलो की आधी हे लिहावं लागतं.

त्यांची सगळी नोकरी सोलापुरात मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून झाली. मिल बंद पडली तरी घरात ते दाराकडे तोंड करूनच बसायचे. बँक असो, दवाखाना असो, दारातल्या वॉचमनला ‘जेवलास का?’ विचारल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. मला संकोच वाटायचा. ते म्हणायचे, “राखणाऱ्याला कोण इचारतंय?”

माझा मेहुणा माल्टात नर्स आहे. मी, बायको आणि मामा त्याच्याकडे गेलो तेव्हा समुद्रकाठचे जुने दगडी बुरूज पाहून मामा हरखले. चाच्यांची गलबतं दिसली की एका बुरुजावर जाळ करायचा, तो पाहून पुढच्यावर, असा तिथला पहारा. बाकी इतिहासात मामांना रस नव्हता. पहारेकरी झोपायचा कुठं, त्याची भाकरी कोण आणायचं, एवढंच ते विचारत राहिले. ते आत गेल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पहिले दोन बुरूज बंद निघाले. निशाण वर असलं तरच बुरूज उघडा, हे मेहुण्याचं सांगणं मीच त्यांना समजावलं होतं.

तिसऱ्या बुरुजाशी पोचलो तेव्हा मला दुपारची बोट गाठायची होती. मामांचे गुडघे, आतला अरुंद गोल जिना, म्हणजे तासभर तरी जाणार. मी एकटाच चढण चढून दारापर्यंत गेलो आणि खाली येऊन म्हणालो, “हाही बंद आहे.”

मामांनी एकदा वर पाहिलं. “चला की मग. पाव्हण्यांची बोट चुकायची.”

परत आल्यावर शुक्रवार पेठेतल्या चहाच्या टपरीवर मित्रांनी त्यांची खेचली. इमानात बसून कुलूप बघायला गेला हुतास व्हय, म्हणाले. मी पलीकडे गाडी लावत होतो. मामांचं उत्तर मला ऐकू आलं, “पाव्हण्यांनी लई चवकशी केली. बंद हुता तर ते काय करणार?”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. बिचाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणालो.

“विश्वास?” ती म्हणाली. “निशाण फडफडत होतं. बाबांनीच मला दाखवलं. म्हणाले, कुणाजवळ बोलू नको, जावयाला खाली बघायला लागंल.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जन्मभर दुसऱ्याची मिल राखलेला माणूस या वयात माझी अब्रू राखत बसला होता, आणि त्यापायी मित्रांची टिंगल सोसत होता.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो. माझं तोंड पाहूनच त्यांनी ओळखलं असावं. बाकावर सरकून जागा केली, चहा सांगितला, “असू द्या की,” म्हणाले. मी बसलो नाही. त्यांच्या मित्रांसमोरच हात जोडले.

“मामा, बुरूज उघडा होता. मला बोटीची घाई होती म्हणून मी खोटं बोललो. तुम्हाला आत जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. मला माफ करा.”