बाकड्यावरची भाषा

बाबा मंगळवारी गेले. त्यांचा मित्र दारात आला आणि त्याच्या सदऱ्याला येणाऱ्या विडीच्या वासानं मला आमच्या गावच्या स्टँडवरचं चहाचं बाकडं आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबा शिक्षक, दर रविवारी सकाळी बुद्धविहारात चर्चा चालवत. तिथे एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसरा तोंड उघडत नसे. बाकड्यावर मात्र चौघे एकदम बोलत आणि समोरच्याची अक्कल काढल्याशिवाय कोणाचा मुद्दा पुढे सरकत नसे. एका रविवारी बाबा विहारातून थेट तिथे आले. कापूस पेरावा की सोयाबीन, असा वाद चालला होता. हाच मित्र बाबांना म्हणाला, "मास्तर, तुले ढेकूळ तरी ओळखता येते का?" बाबा शांतपणे म्हणाले, "आपलं म्हणणं विचार करण्यासारखं आहे." मित्र अर्धा चहा टाकून उठला आणि नंतर बाकड्याकडे फिरकलाच नाही. बाबांना चहा गोड लागेना. शेवटी मला घेऊन ते त्याच्या अंगणात गेले. तो ज्वारी वाळत घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मी परका झालो काय रे? तहसीलदाराशी बोलल्यावानी काऊन बोलला?" बाबा म्हणाले, "बैला, शेती तुले तरी कुठं कळते?" मित्र हसला आणि घरात हाक दिली, "चहा ठेवा वो, मास्तर आला." आता बाबा नाहीत. बाकडं आहे, आणि त्यावर आता मलाही हक्कानं बैल म्हणणारा बाबांचा तो म्हातारा मित्र आहे.