मोहरीएवढा दात

ममातकादिरच्या स्वतःच्या तोंडात दात किती, हे त्याला विचारायची सोय नव्हती. वर तीन सोन्याचे, खाली देवाची कृपा. पण दुसऱ्याच्या तोंडातले दात बघण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या बात्केन गावात नव्हता. रविवारच्या गुरांच्या बाजारात मेंढीचा ओठ दोन बोटांनी बाजूला सारायचा, पुढचे दुधाचे पडून मोठे दात किती आले ते बघायचं आणि वय सांगायचं, एवढंच त्याचं काम. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेली, म्हणजे आठही मोठे आलेली. दातांत फटी पडल्या की तिची रवानगी हंड्यात. त्याने ‘चारदाती’ म्हटलं की घेणारा आणि विकणारा हातात हात देऊन मोकळे. चाळीस वर्षांत त्याला उलट बोलणारा एकच निघाला, घोड्यांचा दलाल साबिर.

साबिरला एवढा राग का, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. साबिरने लग्नात स्वतःचं वय सव्वीस सांगितलं होतं, आणि मुलीकडच्यांसमोर ममातकादिर म्हणाला, “ओठ बाजूला करू का?”

तर, त्या वसंतात मादिगेनच्या टेकड्यांवर शेळ्या चारताना त्याच्या पायाखाली दगडाची एक पातळ फरशी दुभंगली. आत वीतभर जबडा होता, दातांसकट दगड झालेला. त्याने तो रुमालात बांधून रविवारी बाजारात नेला. गर्दी जमली. कुणी म्हणे मोठी पाल, कुणी म्हणे सैतान. ममातकादिरने रोटी चावता चावता निरखून पाहिलं. एक दात मोठा, एक छोटा, पुन्हा एक मोठा.

“पोर आहे,” तो म्हणाला. “दुधाचे पडतायत, नवे येतायत.”

“वा!” साबिर मागून ओरडला. “आता दगडाचंही वय सांगा! कुणाचं पोर म्हणायचं हे, तुमच्या आजीचं?”

लोक हसले. ममातकादिरचं डोकं फिरलं. हातातली रोटी त्याने कपाळाला लावली आणि म्हणाला, “हे पोर नसेल, तर पुन्हा कुठल्या मेंढीच्या तोंडात बघणार नाही!”

आमच्याकडे माणूस बायकोची शपथ मोडेल, आईचीही एखादा मोडेल. रोटीची मोडत नाही.

त्या गर्दीत कांदे घ्यायला आलेली बेर्मेत उभी होती. ही राजधानी बिश्केकची बाई दर वर्षी टेकडीवर तंबू ठोकून, दगड झालेले जुने प्राणी शोधत दगड फोडायची. ती बिचकत पुढे झाली. “अके,” थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली, “हे पोर नाही. मला वाटतं, चांगलं म्हातारं आहे.”

“वाटतं? वाटण्यावर मेंढी विकत नाहीत, पोरी.”

“मग मला न्यायला द्या. जर्दाळू वाळत घालाल तेव्हा परत आणते.”

मधल्या तीन महिन्यांत ममातकादिर प्रत्येक मेंढीचा ओठ असा हळुवार सारायचा, जणू ती शेवटची. घरी त्याची बायको काल्बुबु म्हणायची, “रोटी खायची असते, म्हाताऱ्या. तिला साक्षीला कशाला बोलवायचं?”

जर्दाळू छपरावर पसरले आणि बेर्मेत आली. साबिरही आला, न बोलावता, आणि वाटीतले अर्धे जर्दाळू त्यानेच संपवले. बेर्मेतने स्वच्छ केलेला जबडा जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानावर ठेवला आणि ममातकादिरच्या हातात भिंग दिलं. “आतल्या अंगाने बघा, अके.”

त्याने बघितलं. प्रत्येक दाताच्या बुडाशी एक खळगा, आणि खळग्यात तांदळाएवढा दुसरा दात, टोकदार. एके ठिकाणी हाडाचा टवका उडाला होता. तिथे त्या दुसऱ्याच्याही खाली मोहरीएवढा तिसरा.

“हे... किती वेळा बदलायचं?”

“मरेपर्यंत. मगरीचंही असंच. सगळे एकदम नाहीत, एकाआड एक. म्हणजे तोंड कधी रिकामं पडत नाही.”

“म्हाताऱ्याच्या तोंडातही कोवळे दात?”

“हो. म्हणून यांचं वय दातांवरून कळत नाही. मेंढीचा खालचा जबडा म्हणजे एका बाजूला एकच हाड. इथे बघा, कितीतरी तुकडे, लोकरीचा नमदा शिवावा तसे जोडलेले. पोराच्या शिवणी सैल असतात. याच्या पार बुजल्यात.” मग तिने काचेवर चिकटवलेला हाडाचा पातळ काप उजेडात धरला. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं त्यात होती. ममातकादिरने ती स्वतः मोजली. एकोणीस.

“गेली रोटी पाण्यात!” साबिर म्हणाला.

ममातकादिरचं लक्षच नव्हतं. जबडा फिरवत, भिंग डोळ्याला लावून तो पुटपुटला, “थांब पोरी. डावीकडचे दात झिजलेत. उजवीकडचे पुरे वाढलेत, पण टोकांना घास लागलेला नाही. आणि इथे हाड फुगलंय. याला उजवीकडे मार बसला होता. हाड जुळलं, पण दुखायचं. हे डावीकडून जेवायचं.”

बेर्मेतने भिंग घेतलं. आधी डावी बाजू तपासली, मग उजवी. शेवटी म्हणाली, “तिकडे प्रयोगशाळेत आम्ही तिघं दोन महिने बघत होतो, अके. कुणाला दिसलं नाही.”

“किती वर्षं झाली याला?” काल्बुबुने चहा ओतता ओतता विचारलं.

“बावीस कोटी, आपा.”

काल्बुबुने किटली खाली ठेवली. “बावीस कोटी वर्षांनी कुणीतरी विचारलं ग बाई, कुठे दुखतंय.”

रविवारी ममातकादिर बाजारात उभा राहिला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, “मी चुकलो. ते म्हातारं होतं.” लोक म्हणाले, दगडाचं सोड, ही मेंढी बघ. त्याने हात पाठीमागे बांधले. तेव्हा काल्बुबु पुढे आली, झग्याला हात पुसले, ओठ सारला आणि म्हणाली, “सहादाती.” चाळीस वर्षं घरात दुसरा विषय नव्हता, आणि रोटीला साक्षीला बोलवायची खोड तिला नाही. ती एकदाही चुकलेली नाही. तिचा हात नवऱ्यापेक्षा हलका आहे, असं मेंढ्यांचं मत असावं.

ममातकादिर आता बाजाराच्या कडेला भिंतीला टेकून बसतो. परवा साबिरने त्याला डिवचलंच, “काय अके, रिकामे बसून काय करता?”

“त्या मोहरीएवढ्या दाताचा विचार करतो,” तो म्हणाला. “जनावर मेलं, डोंगर उठला, समुद्र आटला. तो अजून आपल्या पाळीची वाट बघतोय.”

साबिर शेजारी येऊन टेकला.