मुक्ताबाईंच्या हातचं न्हाणं

मैंदर्गीतली बरीच तरणी मंडळी मुक्ताबाईंच्या पायांवर न्हालेली. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळ पालथं घ्यायचं आणि पाठीवर कोमट पाण्याची धार धरायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. पहिल्या न्हाण्याला त्या सासूने दिलेली सोन्याची अंगठी मधात फिरवून बाळाच्या जिभेला लावत. त्याशिवाय बाळ या जगात आलं असं त्यांना वाटतच नसे. पुढे घरोघरी प्लॅस्टिकचे टब आले आणि मुक्ताबाईंना बोलावणी येईनाशी झाली.

अशात गावाबाहेरच्या माळावर एक कंपनी आली. जमिनीच्या पोटात सोनं, तांबं आहे का ते तिला पाहायचं होतं. कंपनीला बाई हवी होती, तीही धुण्यासाठीच. यंत्र पोकळ नळीने जमीन कापत खोल जाई आणि नळीतून मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या वर येत. त्या धुवायच्या, पुसायच्या आणि निघाल्या त्याच क्रमाने पेट्यांत मांडायच्या. तुरीच्या जुन्या गोदामात पेट्यांची रांग वाढत चालली.

ते काम मुक्ताबाईंना मिळालं. कांड्या धुवायला त्या पाणी कोमट करून घेत.

"आक्का, दगडाला सर्दी हुतीय व्हय?" यंत्रावरचा चन्नवीर विचारी.

"तू गप. तुला न्हाऊ घातलंय मी, तवाबी असाच वरडत हुतास. हात लावून बघ, ऊन हाय की. येवढ्या खालनं आलेल्याला गार पानी कसं वतायचं?"

गोदामात सोनं घालून यायचं नाही, हा नियम साक्षी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. साक्षी सोलापूरची, सात रस्त्याजवळ वाढलेली, दगडांचं शिक्षण घेतलेली मुलगी. नियमाचं कारण तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. चिखलात दागिना पडला तर आळ कुणावर, म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं. मुक्ताबाईंनी अंगठी बोटातून काढून कमरेच्या पिशवीत ठेवली.

कितीतरी दिवस नुसता काळा दगड येत राहिला. मग एका दुपारी काळा संपला. विटकरी मातीचा पातळ थर लागला आणि त्याच्याखालून हिरवट, रेशमासारखी झाक असलेली कांडी आली. तिच्यात बोटभर रुंदीची पांढरी गारगोटीची पट्टी आणि पट्टीत पिवळे ठिपके. साक्षी तिथेच जमिनीवर बसली. 

"मावशी, हा अडीचशे कोटी वर्षांचा असेल," ती हळूच म्हणाली. "हा तयार झाला तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. मग वरून काळ्या दगडाचा तापलेला रस वाहत आला आणि हा झाकला गेला. तेव्हापासून अंधारातच होता. आज उजेडात आला."

मुक्ताबाईंनी कांडीकडे पुन्हा पाहिलं. एवढं वय, आणि आज उजेड.

"पिवळं ते सोनं हाय?"

"ते तांब्याचं असावं. सोनं असलंच तर डोळ्यांना दिसणार नाही, लॅबच सांगेल. पण ही पट्टी कोरी निघाली, तर यंत्र इथून उठणार. मग मीही जाणार आणि तुमचंही काम संपलं."

संध्याकाळी साक्षी फोनवर बोलायला बाहेर गेली. मुक्ताबाईंनी कांडी धुतली, पुसली, मांडीवर घेतली.  खोकल्यासाठी पिशवीत मधाची बाटली असे. अंगठीही तिथेच होती.

सकाळी साक्षीने पेटी उघडली. पांढऱ्या पट्टीवर मुंग्यांची रांग लागली होती.

"दगडाला मुंग्या?"

"मध लावला मी," मुक्ताबाई सरळ म्हणाल्या. "अंगठी घासून. पैलं न्हानं हुतं न्हवं त्याचं."

चन्नवीर खो-खो हसला, पण साक्षीचा चेहरा पाहून गप्प झाला. साक्षीचा रंगच उडाला होता. ती मुक्ताबाईंच्या शेजारी बसली आणि जे पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं होतं ते तिने आता सांगितलं. लॅब धुळीच्या कणाहून बारीक सोनं शोधते. अंगठी नुसती घासली गेली तरी दगडात सोनं आहे असं निघेल.

मुक्ताबाईंनी पदर तोंडाशी धरला. "म्हंजी मी त्याला खोटं बोलाया लावलं."

"चूक माझी आहे मावशी. कारण सांगायला हवं होतं. कुठे लावलंत ते दाखवा."

"हितं. तोंड कुटं सापडंना, म्हनून गालाला लावलं."

साक्षीला त्यातही हसू आलं. कांडी तशीही उभी चिरायचीच होती. एक अर्धं लॅबला जातं, दुसरं पेटीत राहतं. तिने गालाची बाजू पेटीतल्या अर्ध्या भागात राहील अशी रेघ मारली. कांडी पुन्हा धुतली, कटरवर आधी साधा काळा दगड कापून पातं स्वच्छ केलं आणि मग ती चिरली. शेजारचे, मध न लागलेले तुकडेही घेतले. झालं ते सगळं लिहून पाठवलं.

उत्तर यायला वेळ लागला. मुक्ताबाईंना जेवण गोड लागेना. कंपनीने विश्वास न ठेवता यंत्र उठवलं तर ते आपल्या बोटाने उठलं, आणि राहिलं तर तेही खोट्यावर राहिलं, हेच मनात घोळत होतं.

एके दिवशी साक्षी गोदामात आली ती थेट पाणी तापत होतं तिथे.

"तांबं आहे, चांगलं आहे. सोनं थोडंच आहे, पण शेजारच्या तुकड्यांतही जवळपास तेवढंच निघालं. म्हणजे ते तुमच्या अंगठीचं नाही, दगडाचंच. काम चालूच राहणार, यंत्र आता पलीकडच्या बांधाजवळ लावतोय."

मुक्ताबाई चुलीजवळून उठल्या. पेटीपाशी गेल्या. राहिलेल्या अर्ध्या कांडीच्या गालावर त्यांनी रिकाम्या बोटाने हात फिरवला. अंगठी आता घरी देव्हाऱ्यात असे.

"त्याच्याजवळ आदीच हुतं की," त्या म्हणाल्या आणि पाणी फार तापेल म्हणून चुलीकडे वळल्या.