परबकाकांची डावखुरी रायफल

शूटिंग रेंजवर बोलायला बंदी असते. आमच्याकडे किस्से एवढे का साठतात, याचं कारण माझ्या मते हेच. तास-दीड तास तोंड मिटून उभी राहिलेली माणसं खाली चहाच्या टपरीवर आली की धरण फुटल्यासारखी बोलतात.

त्यात आमची रेंज मुलुंडला एका लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर. वर आम्ही श्वास रोखून दहा मीटरवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरतोय आणि खालून मंगलाष्टकं! "सावधान!" आलं की निम्म्या लोकांची बोटं ट्रिगरवर आपोआप दबतात. मे महिन्यातले आमचे स्कोअर घरी सांगण्यासारखे नसतात.

पण आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढे किस्से घडवले नसतील, तेवढे एका रायफलीने एकटीने घडवले. ती रायफल परबकाकांची.

* * *

काका मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काका औषध कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणसं बागेत हसायला जातात, काका रायफल शूटिंगला आले. नेमही झकास. अडचण एकच. काका डावखुरे आणि क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. काका बिचारे कशीबशी मान वाकडी करून, गाल भलतीकडे टेकवून नेम धरायचे. आमच्या कोच कांबळे मॅडम म्हणायच्या, "काका, तुम्ही शूटिंग करताय की लपून शेजाऱ्यांच्या घरात बघताय?"

शेवटी काकांनी अंधेरीच्या एका डीलरकडून खास डावखुरी रायफल मागवली. परदेशातून आली. हवेवर चालणारी. पुढे एक छोटा सिलिंडर असतो, त्यात हवा दाबून भरायची, मग ती हवा छर्रा ढकलते. दिसायला अशी देखणी की आमच्या क्लबमधल्या दीपेनने आधी तिच्यासोबत सेल्फी काढला, मग काकांचं अभिनंदन केलं.

पहिल्या दिवशी काकू मुद्दाम रेंजवर आल्या. नारळ, अगरबत्ती, सगळा सरंजाम घेऊन. रायफलीला हळदीकुंकू वाहिलं आणि आम्ही काही बोलायच्या आत नळीच्या तोंडात जास्वंदीचं फूल खोचलं!

कांबळे मॅडम लहानपणापासून गोवंडीत वाढलेल्या. त्यांचा आवाज खालच्या हॉलमधल्या बँडलाही ऐकू जातो. "काकू! ती रायफल आहे, फुलदाणी नाही!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "रवांदे गो बाय. फूल बघून तरी ती कोणाक लागाची नाय."

फूल काढलं, काकांनी पहिला नेम धरला. छर्रा ठिपका सोडाच, कागदालाही लागला नाही. दुसरा, तिसरा, तेच. देवाने काकूंचं जरा जास्तच मनावर घेतलं होतं!

* * *

नवीन रायफलीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सेट करायला वेळ लागतो, त्यामुळे तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. काका तिला घरी घेऊन गेले आणि बेडरूमच्या कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेलेले. काकू एकट्या. बांगड्याचं तिखलं गॅसवर होतं आणि अचानक कुठून तरी आवाज यायला लागला. फुस्सऽऽऽ...

काकूंनी गॅस बंद केला. आवाज चालूच! त्यांनी खिडक्या उघडल्या, दार उघडलं आणि जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "गॅस लीक झालोहा! खाली चला सगळी!"

अख्खी विंग खाली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अर्ध्या गालाला साबण लावून. कुणीतरी गॅसवाल्यांना फोन केला. त्यांचा माणूस हातात मशीन घेऊन आला आणि एकटा वर गेला. खाली सगळे वर तोंड करून देवाचा धावा करतायत.

त्याने शेगडी बघितली, पाइप बघितला. मशीनला वास लागेना. मग तो नुसता कान देऊन आवाजाच्या मागे मागे बेडरूममध्ये गेला, कपाटाला कान लावला आणि बाल्कनीत येऊन खाली सांगितलं,

"बाई, गॅसबिस काही नाही. तुमच्या कपाटाला दमा झालाय!"

* * *

तर रायफल हवा सोडत होती. हवा कमी झाली की छर्रा खाली पडणार, हे उघड आहे. अंधेरीला डीलरकडे न्यायचं ठरलं. माझं ऑफिस त्याच बाजूला, म्हणून मीही काकांबरोबर रिक्षात बसले. मी म्हणजे मधुरा, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आणि क्लबमध्ये काकांच्या शेजारच्या लेनवर.

लिंक रोडवर नाकाबंदी लागली होती. एका हवालदाराने रिक्षा थांबवली. काकांच्या मांडीवर लांबलचक काळी पेटी.

"काय आहे यात?"

मी "स्पोर्ट्सचं सामान" म्हणायला तोंड उघडणार, तोवर काका एकदम खणखणीत आवाजात, "रायफल!"

रिक्षावाला रिक्षातून उतरला आणि सरळ फुटपाथवर जाऊन उभा राहिला. जणू काही तो आम्हाला ओळखतच नव्हता! दोन हवालदार आणखी आले. मागच्या गाड्यांतल्या लोकांनी मोबाइल बाहेर काढले. काका घाबरलेल्या माणसांना धीर द्यावा तसे म्हणाले, "साहेब, काय टेन्शन घेऊ नका. बिघडलेली आहे."

पेटी उघडली, बिल बघितलं, क्लबचं कार्ड बघितलं. हवेची रायफल, खेळाची, डीलरकडे चाललीय, सगळं पटलं. हवालदाराने पेटी स्वतः बंद करून दिली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, एक सांगू? पुढच्या वेळी आधी 'बिघडलेली' म्हणा. मग 'रायफल' म्हणा."

* * *

डीलरचं नाव गुप्ते. पोरगेलासा माणूस, काकांच्या मुलापेक्षाही लहान, एकदम सभ्य. त्याने सिलिंडर काढून बघितला. रबराची एक बारीक रिंग चिरली होती. नवी बसवली, फुस्स बंद. "सर, आता टकाटक!"

टकाटक कसलं! रेंजवर आलो तर छर्रे पुन्हा वाट्टेल तिकडे. एक वर, एक खाली, एक उजवीकडे. आणि आता तर हवाही पुरेशी होती.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं छर्रे बदला, कोणी म्हणालं चष्मा बदला. काकांनी पहाटे उठून प्राणायाम सुरू केला. कांबळे मॅडमनी उभं राहण्याची पद्धत मुळापासून तपासली. त्यांना त्यात काही चूक सापडेना.

सरळ उपाय होता की दुसऱ्या कोणीतरी ती रायफल चालवून बघायची. पण क्लबमध्ये दुसरं कोणी डावखुरं नव्हतं. तरी दीपेन पुढे सरसावला. "अरे यार, हाताचं काय एवढं? नेम तर डोळ्याने धरायचा ना! द्या इकडे."

दीपेनने उजव्या हाताच्या माणसाने डावखुरी रायफल धरावी तशी ती धरली, म्हणजे करवतीसारखी. बराच वेळ हलला, डुलला आणि एकदाचा ट्रिगर दाबला. त्याच्या टार्गेटवर काही नाही. पण शेजारी माझ्या टार्गेटच्या बरोब्बर मधोमध नवं भोक!

मॅडमचं लक्ष नव्हतं. त्यांनी स्कोप लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मधुरा, शाब्बास! या वर्षातला तुझा सगळ्यात चांगला शॉट!"

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

* * *

काकांनी गुप्तेला फोन लावला. स्पीकरवर होता, आम्ही सगळे ऐकत होतो. गुप्ते अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, लीकेज आपण काढलंय. वेपन ओके आहे. आता प्रॉब्लेम असेल तर तो वेपनच्या मागे असेल."

आम्ही हसलो. काका नाही हसले. "वेपनच्या मागे कोण असतो? मीच की," एवढंच म्हणाले आणि रायफल पुसून पेटीत ठेवली.

त्यानंतर काका यायचेच बंद झाले. आठवड्याभराने एकदा आले, क्लबची जुनी उजव्या हाताची रायफल घेतली, तिनेही धड लागेना. खाली टपरीवर आम्ही दोघंच होतो. काकांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"दादाचा पण असाच सुरू झालेला गो," ते म्हणाले.

त्यांचा थोरला भाऊ. आधी हात थोडा थरथरायचा, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. मग शर्टाची बटणं लागेनात. मग घास तोंडापर्यंत जाईना. काकांनी शेवटची दोन वर्षं त्याला स्वतःच्या हाताने भरवलं होतं.

"काका, टेन्शनने पण हात हलतो."

"तोच तर घोळ आहे. हात हलतो म्हणून टेन्शन येतं, की टेन्शन येतं म्हणून हात हलतो, कळायला मार्ग नाही." मग हळूच म्हणाले, "डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. मेंदूच्या. काकूला बोलू नको हं."

मी नाही बोलले. पण त्याच संध्याकाळी काकूंचाच मला फोन. "गो मधुरा, ह्येंचो हात हलता म्हणान ह्ये भियालेहत ना? माका सांगणत नाय. पण चाय बशीत सांडता, ती माका दिसत नाय काय?"

मी काय बोलणार! काकूंना उत्तर कळलं. मागून काकांचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस?" आणि मग फोन चालू ठेवूनच काकू त्यांच्याशी बोलल्या. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"डॉक्टराकडे जावया. मी येतंय वांगडा. पण आधी त्या तुमच्या बंदुकीक दाखवया, मगे तुमका."

"अगो, तिला बघितलंय त्याने. ती ठीक आहे."

"तुमका बघल्यान काय त्येणा? मगे तुमी बिघडल्यात ह्या त्येका कसा कळला?"



* * *

शनिवारी आम्ही तिघं गुप्तेच्या दुकानात. मागच्या बाजूला त्यांची छोटी टेस्टिंगची जागा आहे. काकू खुर्चीवर न बसता सरळ म्हणाल्या, "ह्येंका बाजूक ठेवा. हात न लावता ती उडवून दाखवा."

गुप्ते म्हणाला, "काकू, तशी गरज नाहीये, पण तुमच्या समाधानासाठी करतो." त्याने रायफल लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळली. आता कुणाचा श्वास नाही, खांदा नाही, हात नाही. रायफल चांगली असेल तर सगळे छर्रे एकाच भोकातून जायला पाहिजेत.

काका भिंतीला टेकून उभे होते. डावा हात खिशात.

गुप्तेने एक मारला. दुसरा मारला. बरेच मारले. मग कागद ओढून जवळ आणला आणि बघतच राहिला. कागदावर कुणीतरी मोहरी उधळल्यासारखी भोकं!

"थांबा हं," तो म्हणाला. शिकंजा पुन्हा आवळला. नवा कागद लावला. पुन्हा मोहरी.

मग त्याने रायफल खोलली आणि टॉर्च घेऊन आत वाकला. उठला तेव्हा चेहरा पडलेला. नळी जिथे धरून ठेवतात तिथला बोल्ट आतमध्ये वाकडा बसला होता. आटेच कारखान्यात चुकीचे पाडलेले. बाहेरून घट्ट वाटायची, पण प्रत्येक शॉटला नळी केसभर सरकत होती.

काकांनी खिशातून हात काढला, समोर धरला, उलटा केला, पालथा केला. "म्हणजे... हात नाय?"

"हात कसला सर! वेपनच. मॅन्युफॅक्चरिंग फॉल्ट आहे."

काकू म्हणाल्या, "परत एकदा बोला."

गुप्तेला वाटलं, बाई भडकल्या. "सॉरी काकू. फॉल्ट शंभर टक्के रायफलीत आहे. सरांची काही चूक नाही."

"आणखी एकदा."

"रायफलीत फॉल्ट आहे, काकू. सर एकदम ओके आहेत." त्याला घाम फुटला होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही माना वळवून बघायला लागली.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. आणि काका दोन पावलं पुढे झाले, खाली वाकले आणि त्या पोराच्या दोन्ही पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

गुप्ते मागे सरकायला बघतोय, पण मागे काउंटर. एकदा मला हात जोडतोय, एकदा काकूंना, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडतोय,

"काका, उठा! अहो उठा ना! वॉरंटीत आहे हो, वॉरंटीत आहे!"